मॅट्रिकनंतरचें अन्न

दर वर्षीं जून-जुलै महिन्यांत आमच्या महाविद्यालयांत प्रवेशाचे अर्ज तपासण्याचें काम जीं थोडीं माणसें करतात, त्यांत माझाहि समावेश असतो. अर्जांत रकाने पुष्कळ असतात. विद्यार्थ्याचें नांव, जात, जन्मतारीख, दहावी-बारावीचे गुण, पालकांचें वार्षिक उत्पन्न, बँकेच्या खात्याचा क्रमांक. इतकें सारें विचारून झाल्यावर एक प्रश्न मात्र त्यांत कोठेंच आढळत नाहीं. आणि तो म्हणजे, ह्या मुलाला पुढील तीन वर्षें जेवूं कोण घालणार? प्रश्न ग्राम्य वाटेल. परंतु गेल्या दीडशें वर्षांतील महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास मी जसजसा अधिक वाचीत गेलों, तसतशी माझी खात्री होत गेली कीं, शाळा संपविलेल्या मुलानें स्वतःच्या पायावर उभें कसें राहावें, हा मोठा प्रश्न मुळांत ह्या एका ग्राम्य प्रश्नांतच सांठलेला आहे.

आपल्या चरित्रग्रंथांतून ‘स्वावलंबन’ हा शब्द फार वापरला गेला आहे. अमके गृहस्थ अत्यंत गरिबींत वाढले, रस्त्यावरच्या दिव्याखालीं त्यांनीं अभ्यास केला, केवळ स्वतःच्या हिंमतीवर विद्या मिळविली आणि ते मोठ्या पदास चढले, असें सांगण्याची आपली एक ठराविक पद्धति आहे. त्यांत खोटें कांहीं नसतें. पण त्यांतून एक माणूस नेहमीं गाळलेलें असतें. आणि तें माणूस बहुधा चुलीपाशीं बसलेलें असतें. प्रस्तुत लेखांत ह्या गाळलेल्या माणसाचा हिशेब मला थोडासा मांडावयाचा आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं घेण्यांत आली. ही परीक्षा म्हणजे शाळेचा उंबरठा. तो ओलांडतांच तरुणापुढें दोन दारें उघडत. एक कचेरीचें, दुसरें कॉलेजचें. कचेरीच्या दारांतून आंत गेलें कीं भाकरी लगेच हातीं पडे. मात्र ती जन्मभर अर्धीच राहण्याचा संभव असे. कॉलेजच्या दारांतून जाणाऱ्यास पुढें पूर्ण भाकरीची आशा होती. परंतु मधलीं तीन-चार वर्षें भाकरीच नव्हती. उलट फी, पुस्तकें, दिवाबत्ती आणि परगांवीं राहण्याचा खर्च अंगावर येई. अर्थात् बुद्धि कोणाला किती, हा प्रश्न पुढचा. मधलीं वर्षें कोण तारून नेईल, हा पहिला. ज्याला ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें, तो पदवीधर झाला. ज्याला सांपडलें नाहीं, तो तितकाच हुषार असूनहि कारकून राहिला, आणि त्याचें चरित्र कोणीं लिहिलें नाहीं.

पहिल्या पिढीपुरतें ह्या प्रश्नाचें उत्तर मोठ्या चमत्कारिक ठिकाणाहून आलें. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास ब्राह्मणांना दक्षिणा वांटण्याची प्रथा होती. राज्य गेलें, तरी इंग्रजांनीं ती प्रथा एकदम बंद केली नाहीं. हळूहळू तिचा ओघ वळविला. १८२१ सालीं पुण्यास निघालेली संस्कृत पाठशाळा ह्याच पैशावर चालली, आणि पुढें विद्यापीठाच्या काळांत महाविद्यालयांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. १८५९ च्या त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या महादेव गोविंद रानडे ह्यांस ह्या फेलोशिपचे प्रथम दरमहा ६० व पुढें १२० रुपये मिळत. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे जे पहिले चार बी. ए. झाले, त्यांत रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरहि होते. पर्वतीच्या रमण्यांत जो पैसा एके काळीं पुण्य म्हणून वांटला जाई, तोच आतां कॉलेजांत अभ्यासाचा मोबदला म्हणून मिळूं लागला. दानाचें वेतन झालें, हा ह्या इतिहासांतील पहिला पालट होय.

परंतु अशीं वेतनें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, आणि मॅट्रिक होणारीं मुलें वर्षागणिक वाढत चाललेलीं. बाकीच्यांनीं काय केलें? १८८१ सालीं मॅट्रिक झालेल्या दोन कोंकणी मुलांकडे पाहूं. धोंडो केशव कर्वे त्या वेळीं तेवीस वर्षांचे होते. गोपाळ कृष्ण गोखले अवघे पंधरा वर्षांचे. परीक्षा एक, वर्ष एक, मूळचा जिल्हाहि एकच. पण मधलीं वर्षें दोघांनीं काढलीं तीं अगदीं निराळ्या रीतीनें.

कर्व्यांना नोकरीच्या दाराचा अनुभव मॅट्रिकच्या पुष्कळच आधीं मिळाला होता. मराठी सहावीची जी सरकारी परीक्षा उतरल्यावर खालच्या नोकऱ्यांस पात्रता येई, तिला बसण्यासाठीं १८७५ च्या सुमारास ते कांहीं सोबत्यांसह मुरुडहून निघाले, आणि पावसापाण्यांत कुंभार्लीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायीं तुडवीत साताऱ्यास पोंचले. परीक्षेस वयाचीं सतरा वर्षें पुरीं लागत. समितीच्या अध्यक्षांना समोरचा किरकोळ अंगाचा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनीं त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. मुलगा आल्या वाटेनें परत गेला. मॅट्रिक होण्यापूर्वींच त्यांचें लग्न झालेलें होतें, आणि पदवी पदरीं पडण्यापूर्वीं, १८८२ च्या जानेवारींत, त्यांना मुलगा झाला. अशा मनुष्यानें मुंबईंत आधीं विल्सन व मग एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकावयाचें म्हणजे शिकवण्या करणें ओघानेंच आलें. १८८४ सालीं ते बी. ए. झाले, तरी शिकवण्या सुटल्या नाहींत. १८९१ सालीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक होईपर्यंत मुंबईच्या निरनिराळ्या शाळांतून व घरोघर शिकवूनच त्यांनीं संसार चालविला. शाळेपासून स्थिर वेतनापर्यंतची ही वाट दहा वर्षांची होती; आणि तीहि कर्व्यांसारख्या चिवट माणसाची.

गोखल्यांची गोष्ट निराळी. त्यांचे वडील १८७९ सालीं वारले. थोरले बंधु गोविंदराव स्वतः शिकत होते. त्यांनीं शिक्षण सोडलें, दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवूं लागले. हा आंकडा बहुतेक चरित्रांत येतो, आणि वाचक तो वाचून पुढें जातो. मला मात्र तेथें थांबावेंसें वाटतें. पंधरांतून आठ गेले म्हणजे सात उरतात. त्या सात रुपयांत गोविंदराव स्वतः आणि मागें राहिलेलें सारें घर. गोपाळराव कोल्हापूर, पुणें, मुंबई असे फिरत १८८४ सालीं बी. ए. झाले, तेव्हां त्यांचें वय अठराच्या आंतबाहेर होतें. ह्या अकालीं यशाचें आपण कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु एका मुलाचें शिक्षण पुढें चालावें म्हणून दुसऱ्या एका मुलाचें शिक्षण तेथेंच थांबलें, हीहि त्याच यशाची बाजू आहे. महाराष्ट्रांत असे गोविंदराव किती होऊन गेले असतील, ह्याची मोजदाद कोणत्याहि विद्यापीठाच्या दप्तरांत नाहीं.

ज्यांना असा भाऊ नव्हता, त्यांची भिस्त दुसऱ्यांच्या चुलीवर असे. पुण्यासारख्या शहरांत ह्यासाठीं दोन रूढ मार्ग होते. एक माधुकरीचा, दुसरा वारांचा. माधुकरी मागणारा विद्यार्थी झोळी घेऊन ठराविक घरांच्या दारांत ‘ॐ भवति’ म्हणून उभा राही. कोणी भात घाली, कोणी पोळीचा चतकोर, कोणी पळीभर आमटी. जें जमेल तें एकत्र करून जेवावयाचें. वार लावून जेवणाऱ्याची इभ्रत थोडी अधिक. आठवड्याचे सात वार सात घरांत वांटलेले असत. त्या त्या दिवशीं त्या त्या घरीं पानावर बसावयाचें. सातहि वार लागले तर तो विद्यार्थी भाग्यवान्. एखादा वार मोकळा राहिला, तर त्या दिवशीं चुरमुरे-फुटाण्यांवर भागवावें लागे. यजमानीण माहेरीं गेली, घरांत सुतक आलें, कीं लागलेला वारहि चुके. जेवण धर्माचें असलें, तरी अगदीं फुकट नसे. विहिरीचें पाणी ओढणें, बाजारहाट करणें, घरांतल्या लहान मुलांची उजळणी घेणें हीं कामें सांगितलींच जात. आणि पानांत पडेल तें मान खालीं घालून खाण्याचें काम न सांगतांच करावयाचें असे.

ह्या पद्धतीची जितकी थट्टा झाली, तितकीच स्तुतिहि झाली. मला ती केवळ थट्टेचा विषय वाटत नाहीं. विद्यार्थ्यानें भिक्षा मागणें हा त्याचा आश्रमधर्मच आहे, असें समाज मानीत असल्यामुळें मागणाऱ्यास लाज कमी वाटे आणि घालणाऱ्यास उपकाराचा गर्व कमी होई. कोणताहि कायदा नसतां, कोणतीहि संस्था नसतां, शेंकडों मुलांचीं मधलीं वर्षें ह्या रीतीनें निभावलीं, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे. तथापि ह्या उदार चुलीभोंवतीं एक भिंत होती, आणि चुलीपाशीं एक अंधारहि होता.

भिंत जातीची. कऱ्हाडकडच्या एखाद्या कुणब्याचा किंवा नगरकडच्या एखाद्या माळ्याचा मुलगा मॅट्रिक होऊन पुण्यास आला असता, तर त्याच्यासाठीं कोणत्या माजघरांत पान मांडलें जाणार होतें? अस्पृश्य मुलाची तर गोष्टच नको. त्याला त्या घरच्या विहिरीचें पाणीहि नव्हतें. ज्या सोयीला आपण पुण्याची विद्याप्रीति म्हणत आलों, ती सोय ज्यांना होती त्यांच्यांतले पदवीधर वाढले. आणि मग पदवीधर त्याच जातींचे कां, ह्याचें कारण बुद्धींत शोधण्यांत आलें. तें पुष्कळसें स्वयंपाकघरांत होतें.

अंधार होता तो त्या स्वयंपाकघरांतल्या बाईचा. वार लावणाऱ्या गृहस्थाचें नांव विद्यार्थी जन्मभर कृतज्ञतेनें घेई. परंतु तो वार रांधणारी बहुधा त्या घरांतली एखादी विधवा बहीण, आत्या किंवा भावजय असे. पहांटेपासून सोवळ्यांत राबावें, उरलें-सुरलें एक वेळ खावें, आणि हातीं पैसा म्हणून कधीं पडूं नये, असें तिचें जिणें. विद्यार्थी चार वर्षांनीं स्वतंत्र होऊन जाई. ती जात नसे. ह्याच कर्व्यांनीं १८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं आश्रम काढला, आणि १९०९ सालीं रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यास सेवासदन उभें राहून बायकांना शिक्षिकेचें व परिचारिकेचें शिक्षण मिळूं लागलें, तेव्हां प्रथमच ह्या बाईच्या पोटाचा प्रश्न तिच्या स्वतःच्या कमाईशीं जोडला गेला. ज्यांनीं मधल्या वर्षांची ओढाताण स्वतः सोसली होती, त्यांच्यापैकीं एकास हा प्रश्न दिसावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाहीं.

जातीची भिंत भेदण्याचें काम कोल्हापुरास सुरू झालें. शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें. त्याच सुमारास जैनांचें, आणि पुढील कांहीं वर्षांत लिंगायत, मुसलमान व अस्पृश्य विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें त्यांच्या आश्रयानें निघालीं. जातवार वसतिगृहें काढल्याबद्दल त्यांना दोष देणारे आजहि भेटतात. पण ज्या समाजांत चूलच जातवार होती, तेथें पहिली गरज कोणती होती, हें त्यांनीं अचूक ओळखलें. ह्याच्या जोडीला दुसरी गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेनें त्यांनीं आपल्या संस्थानांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांस राखून ठेवल्या. वसतिगृह म्हणजे शिकत असतांनाची भाकरी, आणि राखीव जागा म्हणजे शिकून झाल्यावरची भाकरी. ह्या दोहोंपैकीं एकच दिली तर दुसरी व्यर्थ जाते, हें एका वर्षाच्या अंतरानें घेतलेल्या ह्या दोन निर्णयांतून स्पष्ट होतें. शिकलेल्या मुलाला काम नाहीं आणि काम करणाऱ्याला शिक्षण नाहीं, हें आजचें दुखणें त्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं एकाच औषधांत धरलें होतें.

तरीहि नुसत्या पैशानें सर्व भिंती पडत नाहींत, ह्याचा दाखला डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यांत आहे. १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून ते मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळूसकरांनीं त्यांच्यासाठीं सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची मदत मिळूं लागली. तिच्या आधारानें ते १९१२ सालीं बी. ए. झाले. १९१३ सालीं त्यांच्या वडिलांचें निधन झालें. आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत, परत आल्यावर दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी करावी, ह्या करारावर त्यांना अमेरिकेंतील शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति मिळाली. माधुकरीहून ही पायरी कितीतरी वरची. येथें उपकाराच्या जागीं लेखी करार आहे; देणाऱ्याचें घेणें काय आणि घेणाऱ्याचें देणें काय, तें कागदावर ठरलेलें आहे. त्या कराराप्रमाणें १९१७ सालीं ते बडोद्यास कामावर रुजू झाले. विद्या होती, हुद्दा होता, वेतन होतें. राहावयास जागा मात्र त्यांना त्या शहरांत कोणी देईना. नांव बदलून ते एका पारशी धर्मशाळेंत उतरले, आणि थोड्याच दिवसांत हातांत काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना तेथूनहि बाहेर काढलें. ते मुंबईस परतले. पुढल्या वर्षीं सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकाची जागा मिळाली, तेव्हां कोठें त्यांच्या कमाईला स्थैर्य आलें. मॅट्रिकपासून येथवर अकरा वर्षें झालीं होतीं. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे खिशांतला पैसा, अशी व्याख्या करणाऱ्यानें ही बडोद्याची हकीकत एकदां वाचावी. खिशांतल्या पैशाला समोरच्या माणसानें पैसा म्हणून स्वीकारावें लागतें.

ह्यानंतरचा पालट सातारा जिल्ह्यांत झाला, आणि तो माझ्या मतें सर्वांत मोठा. भाऊराव पाटील हे स्वतः कोल्हापुरास जैन वसतिगृहांत राहून शिकलेले. मॅट्रिकचा उंबरठा त्यांनीं ओलांडला नव्हता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले ह्या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. येथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत आणि आपलें अन्न आपल्या हातांनीं शिजवीत. शेतांत, बांधकामावर, दळणकांडणांत सर्वांचे हात लागत. माधुकरींत विद्यार्थी मागत होता, करारांत तो सही करीत होता. येथें तो राबत होता, आणि म्हणून कोणाचाहि मिंधा नव्हता. ‘कमवा व शिका’ हे शब्द पुढें महाराष्ट्रभर गेले, आणि १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें तें ह्याच तत्त्वावर. पण ह्याहि चुलीपाशीं एक बाई होती. वसतिगृहांतल्या मुलांच्या धान्यासाठीं लक्ष्मीबाई पाटलांनीं अंगावरचे दागिने एकामागून एक दिले, आणि शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. १९३० सालीं त्या वारल्या. श्रमानें शिकणाऱ्या त्या मुलांच्या स्वावलंबनांत ह्या सोन्याचाहि वांटा आहे.

श्रम करून शिकण्याच्या ह्या पद्धतीबद्दल माझ्या मनांत पूर्ण आदर असूनहि, एक शंका मी लपवूं इच्छीत नाहीं. दिवस चोवीस तासांचाच असतो. ज्याच्या घरीं भरपूर आहे तो मुलगा ते सारे तास पुस्तकांत घालवितो. ज्याच्या घरीं नाहीं त्याचे चार-पांच तास कामांत जातात, आणि परीक्षेंत दोघांना प्रश्नपत्रिका एकच असते. वसतिगृहांत सर्वच मुलें राबत असत, म्हणून तेथें ही विषमता नव्हती. कांहींच मुलें राबूं लागलीं, कीं ती येते. म्हणूनच १९४४ सालीं हिंदुस्थान सरकारनें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति सुरू केली, तिचें महत्त्व मला विशेष वाटतें. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत त्या वेळीं डॉ. आंबेडकर सभासद होते. तीस वर्षांपूर्वीं ज्याला एका राजाच्या कृपेनें मधलीं वर्षें काढावीं लागलीं, त्याच्याच हयातींत मधलीं वर्षें हा सरकारच्या हिशेबाचा विषय झाला. भिक्षा, वेतन, करार, श्रम आणि शेवटीं हक्क, अशा ह्या पायऱ्या आहेत. आणि त्या चढावयास आपल्याला पाऊणशें-शंभर वर्षें लागलीं.

आतां एका अवघड गोष्टीकडे वळतों. ज्यांच्यासाठीं दुसऱ्यांनीं खस्ता खाल्ल्या, त्यांनीं कमावते झाल्यावर काय केलें? गोपाळ गणेश आगरकर टेंभूचे; कऱ्हाडास मामलेदार कचेरींत त्यांनीं उमेदवारी केली, दवाखान्यांत कंपाउंडरचें कामहि केलें, आणि १८७५ सालीं ते अकोल्याहून मॅट्रिक झाले. डेक्कन कॉलेजांतील त्यांच्या दारिद्र्याच्या कथा सर्वश्रुत आहेत. एम. ए. च्या उंबरठ्यावर असतांना त्यांनीं आईला पत्रानें कळविलें कीं, मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आशा तिनें सोडावी. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण लोकांसाठीं झिजणार. हें पत्र आपल्या इतिहासांत गाजलें. गोखलेहि न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींत सामील झाले, आणि १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजांत थोड्या वेतनावर राहिले. ह्या त्यागापुढें आपण नतमस्तक होतों. पण टेंभूच्या त्या माउलीला तें पत्र कोणी वाचून दाखविलें असेल, तेव्हां तिला काय वाटलें असेल, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाहीं. गोविंदरावांनीं दरमहा पाठविलेले आठ रुपये घराकडून आले होते. त्यांची फेड समाजाला झाली. घरानें घातलेलें पेरणीचें धान्य, आणि पीक मात्र गांवभर वांटलें गेलें. मी ह्याला अन्याय म्हणत नाहीं. परंतु आपल्या प्रांतांत सार्वजनिक कार्याचा जो पाया घातला गेला, त्यांत नांवें कोरलेल्या दगडांखालीं अशा आयांचे आणि थोरल्या भावांचे पुष्कळ बिननांवाचे दगड आहेत, एवढें तरी कबूल केलें पाहिजे. म्हणून ‘मी कोणाचें कांहीं घेतलें नाहीं’ हें वाक्य मला कोणत्याहि शिकलेल्या माणसाच्या तोंडीं खरें वाटत नाहीं. स्वतंत्र होणें म्हणजे देणें नाकारणें नव्हे. देणें कोणाचें किती आहे, हें स्पष्ट ओळखून तें फेडण्याची ऐपत येणें, एवढाच त्याचा अर्थ ह्या इतिहासावरून निघतो.

मॅट्रिक्युलेशनची जागा १९४९ सालीं एस. एस. सी. परीक्षेनें घेतली, आणि १९७५ पासून ती दहावीची झाली. माधुकरीची झोळी पुण्याच्या रस्त्यांवरून कधींच दिसेनाशी झाली. मुलें-मुली आज सर्व जातींचीं येतात, दूरच्या खेड्यांतून येतात, आणि घरांत शिकलेलें पहिलेंच माणूस म्हणून येतात. प्रश्न मात्र जागचा हललेला नाहीं. साहाय्याची रक्कम मंजूर होते. पण पुष्कळदां ती परीक्षा होऊन गेल्यावर हातीं येते, आणि डबा देणाऱ्या बाईंचे पैसे तर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत द्यावे लागतात. ती बाई चार दिवस थांबते. इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां, आजहि मधलीं वर्षें तारून नेण्यांत तिचा वांटा मोठा आहे.

गेल्या वर्षीं माझ्या वर्गांत एक मुलगा पहिल्या बांकावर बसून रोज पेंगत असे. एके दिवशीं तास संपल्यावर मीं त्यास थांबविलें आणि कारण विचारलें. तो म्हणाला, “सर, रात्रीं एक-दीडपर्यंत जेवणाचीं पार्सलें पोंचवायला जातों.” पाठीवर मोठी चौकोनी पिशवी लावून, मोबाइलवर आलेल्या पत्त्यावर दारोदार जाणारीं हीं मुलें आपण सर्वच पाहतों. त्याच्याशीं बोलतां बोलतां माझ्या मनांत आलें कीं, सव्वाशें वर्षांपूर्वीं ह्याच शहरांत, ह्याच वयाचा विद्यार्थी घरोघर जाऊन शिजलेलें अन्न आणीत होता. आज तो घरोघर जाऊन शिजलेलें अन्न पोंचवीत आहे. त्या वेळीं दार उघडणारी बाई त्याला ओळखत होती, त्याच्या परीक्षेची चौकशी करीत होती. आतां दार उघडतें, पार्सल आंत जातें, दार मिटतें. तो कष्टाचे पैसे मिळवितो, कोणाचा मिंधा नाहीं, ही प्रगति खरीच. पण तो विद्यार्थी आहे, हें त्या दारांतल्या कोणालाहि ठाऊक नसतें. “तूं स्वतः केव्हां जेवतोस?” असें मीं विचारलें. तो हंसला आणि म्हणाला, “काम आटोपल्यावर, सर. मिळालें तर.”

ह्या वर्षीं अर्ज तपासतांना मीं एक नवी संवय लावून घेतली आहे. कागद पाहून झाले, कीं मुलाला समोर बसवून विचारतों, जेवणाची सोय काय केली आहे? पुष्कळ मुलें खालीं पाहतात. कांहीं म्हणतात, बघूं. त्यांचीं नांवें मी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवतों, आणि आम्ही कांहीं सहकारी मिळून त्यांतल्या थोड्यांच्या डब्याची व्यवस्था करतों. हें काम अगदींच लहान आहे, ह्याची मला जाणीव आहे. खरें तर तें छापील अर्जांतच असावयास हवें. तो रकाना छापला गेला, तर त्यापुढें काय लिहावयाचें, हें मुलानें एकट्यानें ठरवावयाचें नाहीं. रानड्यांपासून आजपर्यंत तें कोणींच एकट्यानें ठरविलेलें नाहीं.